हळदीचं बोट

फेस ऑफिसच्या मोरीतून वर आला, टेबलाखाली शिरला आणि मॅनेजर साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. हातात फोन होता. पलीकडं कोणी पुण्याचं होतं. साहेब त्याला सांगत होते की सगळं अंडर कंट्रोल आहे.

मी दारात उभा. माझेही घोटे फेसात बुडालेले.

फोन ठेवून साहेब म्हणाले, "मामा, काय आहे हे?"

"फेस हाय साहेब."

"ते मला दिसतंय. का आला?"

हे मला माहीत असतं तर मी दारात उभा कशाला राहिलो असतो? पण साहेब पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकलेले आणि मी चौथी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून. शिकलेल्यानं विचारायचं आणि अडाण्यानं उत्तर द्यायचं अशी आपल्याकडं पद्धत आहे. मी म्हणालो, "टॉवेल धुवत हुतो."

साहेब म्हणाले, "मावशी नीट खळबळत नाहीत. दुसरं काही नाही. मी पहिल्यापासून सांगतोय."

मावशी म्हणजे माझी बायको, कौसल्या. ती माझ्या मागंच खराटा घेऊन फेस लोटत होती. तिनं ऐकलं. मीही ऐकलं. मी गप्प बसलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं लागणार आहे.

ही गोष्ट दोन हजार सालाच्या आगंमागं, शिक्रापूरजवळच्या हायवेवरच्या एका हॉटेलातली. चोवीस खोल्या, खाली जेवण, मागं लॉन्ड्री. मालक आप्पा. आप्पांच्या रानात बाजरी यायची तेव्हा त्यांना कोणी आप्पा म्हणत नव्हतं. रानाजवळून रस्ता रुंद झाला, कारखाने आले, कारखान्यांचे परदेशी इंजिनियर आले, त्यांना राहायला जागा पाहिजे झाली, आणि आप्पा एकदम आप्पा झाले. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त कुठलीही वस्तू नवी घ्यायची म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं.

आम्ही दौंडचे परीट. वडील रेल्वे कॉलनीतल्या साहेबांचे कपडे धुवायचे, त्यांच्यानंतर मी. मग कॉलनीत घरोघर वॉशिंग मशीन आलं आणि साहेबांच्या बायकांना कळलं की परटावाचूनही माणूस स्वच्छ राहू शकतो. आम्ही शिक्रापूरला आलो. आप्पांनी जोडी बघूनच कामाला ठेवलं. मी मशीनवर, कौसल्या हौदावर. लॉन्ड्रीच्या मागची पत्र्याची खोली राहायला. अट एकच: खोली जोडीला आहे. दोघांतलं एक कामावरून गेलं की खोली गेली.

आता लॉन्ड्रीचं काम थोडं समजून घ्या. लोकांना वाटतं, मशीन फिरतं आणि कपडे निघतात.

आमचं मशीन पुण्याच्या कुठल्याशा बंद पडलेल्या लॉजमधून आणलेलं. त्याचा मोठा लोखंडी पिंप आडवा फिरायचा. त्यात टॉवेल टाकायचे, पाणी सोडायचं, पावडर टाकायची. पिंप फिरला की टॉवेल वर जातात आणि खाली आपटतात. आपण दगडावर आपटतो तेच, फक्त दगड फिरता. मशीनला खळबळायचंही बटण होतं, पण ते दाबलं की मशीन बंद पडायचं. म्हणून धुऊन झालं की मी व्हॉल्व्ह उघडून घाण पाणी गटारात सोडायचो, आणि ओले टॉवेल कौसल्या हौदात घेऊन खळबळायची. एका हौदातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक वेळेला त्याला 'एक पाणी दिलं' म्हणतात. टॉवेलाला तीन पाणी पुरतात. मग हायड्रो, म्हणजे गरागरा फिरवून पाणी काढणारं मशीन. मग दोरीवर.

चादरीचं काम सोपं. चादर सपाट असते, साबण सोडते. टॉवेल म्हणजे नुसते दोऱ्यांचे फासे. त्यात पाणी शिरावं म्हणूनच केलेले. पाण्याबरोबर साबणही शिरतो आणि पाहुण्यासारखा बसून राहतो.

त्या दिवाळीनंतर टॉवेल बिघडले. पहिली तक्रार एका परदेशी इंजिनियरची. तो काही बोललाच नाही. खाली आला, काउंटरवर टॉवेल ठेवला. टॉवेल उभा राहिला. कोणी धरलेला नसताना. मग तो साहेब मॅनेजरकडं बघत राहिला आणि मॅनेजर टॉवेलाकडं.

दुसरी तक्रार अहमदनगरकडच्या एका वऱ्हाडाची. नवरीचा मामा लॉन्ड्रीपर्यंत आला. "अहो, टॉवेल हाय का पत्रा? अंग पुसलं का सोलून काढलं, काय कळंना." तिसऱ्याच्या पाठीवर पुरळ उठलं. त्यानं सदरा वर करून सगळ्या जेवणाऱ्यांसमोर दाखवलं.

मॅनेजर साहेबांनी लगेच ॲक्शन घेतली. मिटिंग बोलावली. मिटिंगला ते, मी आणि कौसल्या. ते म्हणाले, "टॉवेल हार्ड होतात याचा अर्थ रिन्सिंग पुअर आहे. रिन्सिंग कोण करतं? मावशी करतात." झाली मिटिंग.

कौसल्या म्हणाली, "साहेब, मी तिनाच्या जागी पाच पाणी देतीय."

"मग सहा द्या."

तिनं सहा दिली. मग सात. हिवाळ्यातलं हौदाचं पाणी, भिजून धोंड्यासारखा जड झालेला टॉवेल, आणि प्रत्येक टॉवेलाला सात वेळा वाकायचं. सातव्या पाण्यातही फेस. तिच्या बोटांना भेगा पडल्या. रात्री ती बोटांना खोबरेल लावायची तेव्हा मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "वय झालं तुझं. पहिल्यागत हात चालत न्हाई." आता हा शहाणपणा मला कोणी शिकवला ते विचारू नका. तो उपजतच असतो.

साहेबांनी दुसरा उपाय केला. पुण्याहून निळ्या रंगाचं वासाचं औषध आणलं, कपडे मऊ करायचं. शेवटच्या पाण्यात ते टाकलं की टॉवेल हाताला लोण्यासारखा लागायचा. वासही गुलाबाचा. फक्त तो पाणी प्यायचा बंद झाला. त्या औषधाचा तेलकट थर दोऱ्यांवर बसतो आणि पाणी आत शिरू देत नाही. पाहुण्याच्या अंगावरचं पाणी टॉवेलावर जायचं आणि टॉवेलावरून परत पाहुण्याच्या अंगावर यायचं. जाताना मात्र गुलाबाचा वास घेऊन जायचं.

तिसरा उपाय माझा. टॉवेलांना कुबट वास यायला लागला होता. वास येतो म्हणजे मळ निघत नाही, मळ निघत नाही म्हणजे पावडर कमी पडते. चौथीपर्यंतच्या अकलेला हे अगदी बरोबर वाटतं. माझं माप ठरलेलं होतं. तुपाचा किलोचा रिकामा डबा, शिगोशीग भरून एका घाण्याला, म्हणजे एकदा भरलेल्या मशीनला. दौंडपासून तोच डबा. त्या मंगळवारी मी दीड डबा टाकला.

मशीनच्या काचेच्या दारातून टॉवेल दिसेनासे झाले. नुसता पांढरा फेस. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. दौंडला आमच्या आळीतल्या बोअरचं पाणी इतकं जड की डबाभर पावडरीला ओंजळभर फेस यायचा. सगळा जन्म मी फेसासाठी पाण्याशी भांडलो. इथं दिवाळीपासून फेसच फेस. मला वाटलं, उतारवयात देव पावला.

देवानं व्हॉल्व्हमधून बाहेर पडून गटार भरलं आणि गटाराला जोडलेल्या ऑफिसच्या मोरीतून वर येऊन मॅनेजर साहेबांना दर्शन दिलं. तिथून ही गोष्ट सुरू झाली.

फेस उतरल्यावर साहेबांनी पाय खाली घेतले आणि शांतपणे सांगितलं, "शनिवारी कंपनीचे बारा फॉरिन गेस्ट येतायत, महिनाभरासाठी. आप्पांनी मला क्लिअर सांगितलंय. शुक्रवारी संध्याकाळी मी टॉवेल चेक करणार. तेव्हा ते ओके नसतील तर मावशींना सुट्टी. मी दुसरं कपल बघून ठेवलंय."

"आन् आमची खोली?" कौसल्यानं विचारलं.

"खोली कपलला असते ना मावशी."

म्हणजे तीन दिवसांत टॉवेल सुधारले नाहीत तर आम्ही बाहेर. दौंडचं भाड्याचं घर सोडून दिलेलं. परत जायला दौंडात होतं काय? रेल्वे होती. तिच्यात बसून कुठं जायचं तेवढं ठरवायचं बाकी.

बुधवारी दुपारी कौसल्यानं स्टोव्हवर आमटीची तयारी केली होती. हाताला हळद होती. तेवढ्यात तिसरा हौद भरून वाहायला लागला म्हणून ती तशीच धावली. नळ बंद केला, सवयीनं एक टॉवेल उचलला आणि पिळला. मी मशीनपाशी होतो.

"अहो, हिकडं या."

बोलण्याची तऱ्हा ऐकून मी घाबरलो. तिचं बोट लालभडक झालेलं.

"कापलं का?"

"कापलं न्हाई. हळद हाय."

कुंकवात बुडवल्यासारखं बोट.

"हे कितवं पाणी?" मी विचारलं.

"सातवं."

आता हे कोणाही मराठी माणसाला सांगावं लागू नये. हळदीचा डाग पडलेल्या धोतराला साबण लावला की डाग लाल होतो. साबण धुऊन गेला की परत पिवळा. लहानपणी आम्ही गंमत म्हणून करायचो. सगळा जन्म साबणात काढलेल्या परटाला मात्र ते आठवलं नाही. त्यासाठी आमटी करणारं माणूस लागलं.

कौसल्यानं खोलीत जाऊन दुसऱ्या बोटाला हळद लावली, नळाच्या चालू पाण्याखाली धरली. पिवळीच राहिली. मग दोरीवरच्या वाळलेल्या टॉवेलाला ओलं बोट लावलं. टॉवेलावर लाल टिळा उमटला. दुसऱ्याला लावलं. लाल. ओळीनं सगळ्या टॉवेलांना तिनं टिळे लावले, हळदीकुंकवाला बोलावल्यासारखे. एकही पिवळा नाही.

"म्हंजी साबण आतच बसलाय," ती म्हणाली. "सात पाणी दिऊन. आता तुम्हीच सांगा, मी खळबळत न्हाई का तुम्ही जादा वतता?"

"डबाभरच टाकतो. दौंडला बी डबाभरच टाकत हुतो."

"दौंडला डाळ किती शिट्ट्यांत शिजायची?"

"मला काय म्हाईत? मी खायाचं काम करतो."

"पाच. दिवाळीपातुर हितंबी पाचच लागायच्या. आता दोन शिट्ट्यांत डाळीचं पाणी हुतंय. मी म्हनलं, वाण्यानं डाळ नवी आणली आसंल. आन् हात बगा, किती बी धुवा, बुळबुळीत ऱ्हातोय." तिनं नळाकडं बघितलं. "अहो, पाणी बदललंय."

जड पाण्यात डाळ शिजत नाही. साबणालाही फेस येत नाही. दोन्हीचं कारण एकच, पाण्यातला चुना. साबणाचा निम्मा जोर त्या चुन्याशी भांडण्यात जातो, उरलेला मळाच्या वाट्याला येतो. म्हणून जड पाण्याला माप मोठं. पण पाण्यातला चुनाच गेला तर भांडायला कोणी उरत नाही, आणि डबाभर पावडर सगळीच्या सगळी फेस होऊन बसते. फेस टॉवेलांच्या मध्ये गादीसारखा येतो. गादीवर आपटून कधी कोणाचा मळ निघालाय?

पण बोअरचं पाणी आपोआप हलकं कसं होईल? तेव्हा मला मिठाच्या गोण्या आठवल्या. दिवाळीपासून दर पंधरवड्याला पंपाच्या खोलीत मिठाची गोणी जात होती. मी म्हटलं, आप्पांनी लोणच्याचा धंदा काढला असेल. मोठ्या लोकांना विचारू नये.

हॉटेलचं नळकाम युनूसभाईंकडं. शिरूरचे. त्यांच्या वडिलांनी त्या भागातले निम्मे हातपंप बसवलेले. आम्ही दोघं पंपाच्या खोलीत गेलो तर ते पान्यानं काहीतरी आवळत होते. शेजारी पुरुषभर उंचीची निळी टाकी.

"युनूसभाई, ही टाकी कसली?"

"पाणी हलकं करायची. आप्पांनी दिवाळीत बसवली न्हाई का? बाथरूमचे नवे नळ चुन्यानं जाम व्हायला लागले म्हनून. आत बारीक मणी हायेत. ते पाण्यातला चुना धरून ठेवत्यात. मग मिठाच्या पाण्यानं मणी धुवायचे." त्यांनी हात पुसले. "का? तुम्हाला कोन बोललं न्हाई?"

"कोण बोलणार?"

"पुण्याचा माणूस बसवाय आला तवा मी हितंच हुतो. साहेबांना त्यानं बजावून सांगितलं, कपड्याला पावडर आता पाव टाका. कागद बी दिला. साहेबांनी सही करून घेतला की."

माझं डोकं फिरलं. मी तिथूनच ऑफिसकडं निघालो. कौसल्यानं मागून सदरा धरला.

"कुठं निगाला?"

"त्याच्या तोंडावर फेकतो ही हळद. दोन महिनं तुला बोलतोय."

"साहेबाचा कागद डरावरात पडला आसंल. तुमचं डोळं तर तुमच्याच तोंडावर हायती न्हवं? तुम्हाला फेस दिसत नव्हता?"

युनूसभाई पाना शोधायला लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

"आधी टॉवेल सुधरा," ती म्हणाली. "मग कुणाच्या तोंडावर काय फेकायचं ते बगू."

बुधवारची उरलेली दुपार आणि सगळा गुरुवार आम्ही एकच काम केलं. पावडर बंद. मशीनमध्ये नुसतं कढत पाणी आणि टॉवेल. मशीन फिरायला लागलं, आणि चिमूटभर पावडर न टाकता आत फेस झाला. दोन महिन्यांची पावडर टॉवेलांनी जपून ठेवली होती. बँकेत ठेवली असती तर व्याज मिळालं असतं. ते पाणी सोडलं, परत कढत पाणी. परत फेस, पण कमी. तिसऱ्या वेळेला कौसल्या किचनमध्ये गेली आणि चायनीज करणाऱ्या कुककडून व्हिनेगर मागून आणलं. त्यानं विचारलं, "मौसी, चाऊमीन बना रही हो क्या?" ती म्हणाली, "टॉवेल का अचार." आंबटानं साबणाचा खार मरतो. तांब्यापितळेच्या भांड्याला चिंच लावणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही.

एका वेळेला व्हिनेगर जास्त मात्र टाकायचं नाही, आणि ब्लीचिंगच्या पाण्यात तर अजिबात नाही. त्याचा विषारी धूर निघतो. हे आपलं वाचणाऱ्यांसाठी.

गुरुवारी संध्याकाळी तिनं बोट लावलं. पिवळं. दुसऱ्या टॉवेलाला, पिवळं. मग एक मळका घाणा घेतला, डब्यात तळाला पावभर पावडर, आणि धुतलं. काचेतून टॉवेल आपटताना दिसत होते. फेस म्हणाल तर उतू न जाणाऱ्या दुधाएवढा. दोन पाण्यांत स्वच्छ. बोट पिवळं. कौसल्या हौदाच्या काठावर बसली आणि हात मांडीवर ठेवून बघत राहिली. तिसरं पाणी द्यायला काही उरलंच नव्हतं.

शुक्रवारी साहेब आले. बरोबर आप्पाही आले, कारण बारा परदेशी पाहुणे म्हटल्यावर त्यांना घरी चैन पडत नव्हतं. युनूसभाईंना पंपाच्या खोलीत काहीतरी विसरल्याचं आठवलं आणि तेही आले.

कौसल्या ताटलीत कालवलेली हळद घेऊन उभी होती.

साहेब म्हणाले, "हे काय? पूजा आहे का?"

आप्पा म्हणाले, "मशीनची पूजा दसऱ्याला असती. आज काय?"

कौसल्यानं दोन टॉवेल मांडले होते. एक मुद्दाम जुन्या मापानं, डबाभर पावडर टाकून धुतलेला, वर सात पाणी. दुसरा पाव डब्याचा, दोन पाणी. तिनं आप्पांनाच सांगितलं, "आप्पा, तुमच्या हातानं बोट लावा."

आप्पांनी बोट बुडवून पहिल्याला लावलं. लाल. धोतराला बोट पुसलं, परत बुडवून दुसऱ्याला लावलं. पिवळं. धोतरावर मात्र दोन्ही रंग आले.

"आरं," आप्पा म्हणाले, "आमची म्हातारी असंच बघायची. हळद लाल झाली की लुगडं परत पाण्यात."

साहेब म्हणाले, "सर, हे सायंटिफिक नाही. याला प्रॉपर पेपर येतो टेस्टिंगचा."

"हाय का तुमच्याकडं?"

"मागवावा लागेल."

"मग तवर हळद चालंल," आप्पा म्हणाले.

युनूसभाई भिंतीकडं बघत म्हणाले, "कागदावरनं आठवलं. टाकीबरूबर एक कागद आला हुता, साहेब."

ड्रॉवर उघडला. कागद मेनूकार्डांच्या खाली होता, घडीसुद्धा न मोडलेला. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी तो साहेबांच्याच हातात दिला. "वाचा. मोठ्यानं वाचा आन् मराठीत सांगा." साहेबांनी वाचलं. पाणी मृदू झाल्यावर धुण्याची पावडर एक चतुर्थांश करावी, नाहीतर फेस फार होतो आणि साबण कपड्यात राहतो. इतकं स्पष्ट मराठी मी साहेबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मग मावशीला सुट्टी कशापायी देत हुता?" आप्पांनी विचारलं.

"सर, थोडी कम्युनिकेशन गॅप झाली."

या रोगाचं नाव मला तेव्हाच कळलं. शिकलेल्या माणसाला गॅप होते. आमच्यासारख्यांची चूक होते.

मग आप्पा माझ्याकडं वळले. "आन् काय रं धोंडिबा, कागद त्यांच्यापाशी हुता. पर मशीनपुढं तू उभा. एवढा फेस दिसला न्हाई तुला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला फेस दिसला होता. दोन महिने रोज बघून खूश होत होतो. आणि ज्या बाईला त्या फेसापायी वाकवत होतो, तिलाच तुझं वय झालं म्हणत होतो.

कौसल्या म्हणाली, "आप्पा, त्यांचा जलम दौंडच्या पाण्यात गेला. फेस दिसला की त्यांना वाटलं देव पावला. आता गडी देवापुढं माप कमी करील व्हय?"

आप्पा हसले. युनूसभाई हसले. साहेबही हसले, कारण मालक हसत होते. मंगळवारी तिच्यावर आलं तेव्हा मी गप्प बसलो होतो. शुक्रवारी माझ्यावर आलं तेव्हा ती बसली नाही.

शनिवारी बारा पाहुणे आले. महिनाभर राहिले. टॉवेलाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आमच्या धंद्यात यालाच शाबासकी म्हणतात. निळं औषध बंद झालं. तुपाच्या डब्यावर मी खिळ्यानं पाव मापाची रेघ मारली. आठवड्याभरात ऑफिसच्या बोर्डावर टाइप केलेला कागद लागला. 'टर्मरिक टेस्ट' असं काहीतरी नाव, खाली मॅनेजर साहेबांची सही. प्रत्येक घाण्यातल्या एका टॉवेलावर ही टेस्ट घ्यावी. कौसल्याचं नाव त्यात नव्हतं. मी तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "नाव कशाला पायजे? बोट माझंच हाय." पुढं सहा वर्षं आम्ही तिथं काढली आणि तिचं उजव्या हाताचं ते एक बोट सहा वर्षं पिवळं होतं. माफी कोणी मागितली नाही. साहेबांनी नाही, आणि खरं सांगायचं तर, मीही नाही. त्या शुक्रवारी रात्री जेवताना मी एवढंच म्हणालो होतो, "आमटीत मीठ कमी हाय."

ती जाऊन आता तीन वर्षं झाली. शेवटी आम्ही दौंडला परत आलो होतो. भावकीतल्या बायका जमल्या, तिला आंघोळ घातली, हळद लावली. म्हणाल्या, नशीबवान बाई, अहेव गेली, नवऱ्याच्या आधी गेली. कोणाचं नशीब ते कोणी मला विचारलं नाही. एकीनं टॉवेल मागितला. मी आतून आणून दिला. तिच्या आजारपणात घरातलं धुणं मीच धुवायचो. पावडर टाकायचो आणि खळबळायचोही. दोन्ही कामं एकट्यानं.

त्या बाईनं कौसल्याचे हात टिपले. हळद टॉवेलाला लागली. मी वाकून बघितलं. लोकांना वाटलं, म्हातारा रडायला वाकलाय. टॉवेल पिवळाच राहिला होता.

सांगायचं होतं ते तिलाच, पण ते राहू द्या. तुमच्या घरचे टॉवेल पापडासारखे कडक होत असतील, पाणी पीत नसतील, तर पावडर निम्मी करा. तरी कडक झाले तर पाव करा. बायकोला बोलू नका.